कडुनिंबाला पाणी कोण घालतंय?

झाडबाईंना सगळ्यात जास्त राग यायचा तो माणसांच्या प्रेमाचा. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाशी त्यांना नीट भांडता येत असे. तो निदान तोंडावर सांगतो की झाड नको आहे. पण हातात बादली, मान तिरकी आणि तोंडात 'बिचारं तहानलंय हो' असं असलेल्या माणसाचं काय करायचं? त्याच्यावर ओरडावं तर आपणच राक्षस ठरतो, आणि गप्प बसावं तर झाड जातं. बाईंनी ओरडायचं ठरवलं होतं. त्यामुळे शहरातल्या निम्म्या बागप्रेमींशी त्यांचं जमत नसे, आणि उरलेल्या निम्म्यांशी अजून गाठ पडलेली नसे.

बाई शहराच्या बाग खात्यात झाडं तपासायच्या. रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणात, दवाखान्याच्या आवारात, कचेरीच्या दारात लावलेलं एखादं झाड वाळायला लागलं की खात्यात फोन यायचा आणि साहेब म्हणायचे, "झाडबाईंना पाठवा." खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. खांद्यावर जाड कापडाची पिशवी, तिच्यात खुरपं, मातीचा नमुना काढायची लोखंडी नळी, एक भिंग आणि हात पुसायला जुना टॉवेल. बाई गेल्या की आधी झाडाकडे बघायच्याच नाहीत. फोन करणारा वर बोट दाखवून सांगत राहायचा, "अहो, शेंडा बघा, शेंडा वाळलाय," आणि बाई खाली उकिडव्या बसून बुंध्याजवळची माती बोटाने उकरत असायच्या.

वर दिसतं ते रडणं, दुखणं खाली असतं, असं त्यांचं म्हणणं. पान टोकाला करपतं, शिरांच्या मधे पिवळं पडतं, दर खेपेपेक्षा बारीक येतं, अवेळी गळतं. मग शेंड्याच्या काटक्या वाळतात. आणि अगदीच जिवावर बेतलं की झाड बुंध्यातून भलतेच कोंब फोडतं. लोक ते कोंब बघून खूश होतात, 'बघा, फुटलं!' म्हणतात. बाई मात्र पिशवीतून खुरपं बाहेर काढतात.

एका बँकेने लोकांना बसायला म्हणून बुंध्याला अगदी चिकटून गुळगुळीत फरशीचा कट्टा बांधला होता. एका शाळेत स्वच्छतेची स्पर्धा होती म्हणून मुख्याध्यापकांनी सगळ्या बुंध्यांना ऑइलपेंट दिला होता. एका दंतवैद्याने झाड अशक्त दिसतंय म्हणून त्याच्या पायाशी पोतंभर रासायनिक खत ओतलं होतं. "अहो डॉक्टर," बाई म्हणाल्या, "अंगात ताप असलेल्या पेशंटला तुम्ही आधी भरल्या ताटावर बसवता का?" डॉक्टरांना राग आला. त्यांनी खात्यात तक्रार केली की बाई उद्धट आहेत. साहेबांनी बाईंना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "जरा गोड बोला हो." बाई म्हणाल्या, "गोडच तर बोलले. बँकेचा तो कट्टा कोणी बांधला ते मला कळलं असतं, तर कडू कसं बोलते ते ऐकलं असतंत."

खरा वैताग वेगळाच होता. झाड आज वाळलेलं दिसतं, पण ते आज आजारी पडलेलं नसतं. दोन-तीन वर्षांमागे कोणी केबल टाकायला मुळं तोडलेली असतात, कोणी गाड्या उभ्या करून माती दगडासारखी केलेली असते, आणि ज्याने केलं तो बदली होऊन गेलेला असतो. समोर उरतो तो भाबडा माणूस. तो विचारतो, "औषध काय?" बाई सांगतात, "बुंध्यावर चढवलेली माती काढा, बाकीची मोकळी करा, वर पालापाचोळा पसरा, मेलेल्या फांद्या तेवढ्या काढा. मग धीर धरा आणि काही करू नका." हे 'काही करू नका' कोणाच्या पचनी पडत नाही. माणूस मान डोलावतो, बाईंना गेटपर्यंत पोचवतो आणि परत येऊन पाइप सोडतो.

आता अशी बाई संध्याकाळी दमूनभागून घरी यावी आणि तिच्याच बिल्डिंगच्या आवारात, तिचाच बाप कडुनिंबाच्या बुंध्याशी पाइप सोडून खुर्चीत बसलेला असावा, याला काय म्हणायचं?

बाप म्हणजे आप्पा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाईंचं लग्न राहून गेलं होतं, धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला बायको-मुलाबरोबर संसार थाटून होता. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाई आणि आप्पा. आप्पांनी सारा जन्म पाणीखात्यात काढला होता. लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. कुठल्या गल्लीला पाणी कधी सुटणार ते या माणसाच्या मनगटावर. बायका त्यांना वाटेत गाठून चहा द्यायच्या, दोन मिनिटं जास्त सोडा म्हणून. आणि त्यांचं खरं नाव झालं होतं ते गळती शोधण्यात. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि सांगायचं, 'इथे खणा.' तिथेच पाइप फुटलेला निघायचा. इंजिनिअर लोक मशीन आणायचे, पण मशीनसोबत आप्पांनाही आणायचे.

आता त्या कानांनी पार दगा दिला होता. टीव्ही लावला की समोरच्या बिल्डिंगला बातम्या कळायच्या. यंत्र घ्या म्हटलं की म्हणायचे, "मला सगळं ऐकू येतं. तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." घरात त्यांना करमत नसे. म्हणून सकाळी कडुनिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची आणि जेवणाची हाक येईपर्यंत, म्हणजे ती त्यांना ऐकू येईपर्यंत, तिथे बसायचं. येणारा-जाणारा हात करायचा. पोस्टमन थांबायचा. ती खुर्ची गेली तर आप्पा जिना उतरायचे नाहीत हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि जिना उतरायचं सोडलेली म्हातारी माणसं पुढे कशी होतात तेही त्यांनी याच बिल्डिंगमध्ये पाहिलं होतं.

आणि तो कडुनिंब वाळायला लागला होता. पानं फिकट, विरळ. शेंड्याला आभाळ दिसायला लागलेलं. बाईंनी नळी खुपसून माती काढली तर ती काळपट, चिकट आणि कुजक्या वासाची निघाली. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी सुटून हातात आली. बाईंना आणखी काही बघायची गरजच वाटली नाही. पाणी जास्त झालं की मुळांचा श्वास कोंडतो, मुळं कुजतात, आणि मुळं कुजली की वर पाणी चढत नाही. मग झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो.

"आप्पा, पाणी बंद!"

"काय?"

"पाणी! बंद करा!"

"बंद कशाला? बघ की कसं सुकलंय ते."

"पाण्यानेच सुकलंय!"

आप्पांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने सांगितलं होतं की दिव्याने अंधार पडतो. "पोरी," ते म्हणाले, "सगळ्या शहराला पाणी पाजलं मी. पाण्याने कोणी मेलेलं पाहिलं नाही. पाण्यावाचून मेलेलं पाहिलंय."

"शहर आणि कडुनिंब एक नाही!"

"काय?"

सगळं भांडण बिल्डिंगला फुकटात ऐकायला मिळायचं. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी गॅलरीत येऊन उभे राहायचे. ते तसे वाईट नव्हते. पण एक वाळकी फांदी त्यांच्या नव्या गाडीच्या टपावर पडली होती, तेव्हापासून त्यांना झाडाची काळजी वाटायला लागली होती. मीटिंगमध्ये ठराव झाला की या वेळच्या पालवीला झाड नीट फुटलं नाही तर ते काढून टाकायचं. "मला झाड आवडतं हो," सेक्रेटरी बाईंना म्हणाले, "पण गाडीसुद्धा आवडते. आणि तुम्ही तर खात्यातल्याच. तुमच्या दारातलं झाड तुम्हाला वाचवता येत नसेल तर आम्ही पामरांनी काय करायचं?"

हे बाईंना फार लागलं. त्या तडक गेल्या, नळाचा पाइप काढून गुंडाळला आणि घरात माळ्यावर टाकला. आप्पांना वहीच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: पाणी घातलंत तर झाड कापतील. तुमची खुर्ची जाईल. आप्पांनी चष्मा लावून वाचलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. नाही घालत."

बाईंनी बुंध्याभोवती चढलेला मातीचा ढीग काढला. मुळं जिथे खोडातून फाकतात ती जागा उघडी केली. मेलेल्या काटक्या काढल्या. आणि आठवडा उलटल्यावर नळी खुपसली, तर माती पहिल्यासारखीच ओली.

"आप्पा, बादलीने घालताय ना?"

"नाही."

"मग ही ओल आभाळातून आली?"

"मला काय माहीत? मी घातलं नाही."

बाईंना यातलं सगळं पाठ होतं. बँकवाले असंच म्हणायचे, शाळावाले असंच म्हणायचे. मी नाही घातलं, थोडंसंच घातलं, काल घातलं, आज नाही घातलं. दिवसभर परक्या माणसांच्या थापा ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन बापाच्या ऐकायच्या. पुन्हा आठवड्याने माती पाहिली, पुन्हा ओली. या वेळी सेक्रेटरी शेजारी उभे होते, तळमजल्यावरची मंडळी दारात आली होती. बाईंचं डोकं फिरलं. ओली माती मुठीत घेऊन त्या आप्पांच्या खुर्चीसमोर गेल्या आणि मूठ त्यांच्या नाकासमोर उघडली. "हे काय आहे? लहान मूल आहात का तुम्ही? एक गोष्ट सांगितली, एक, ती पाळता येत नाही?"

आप्पांनी मातीकडे पाहिलं. मग बोट लावून पाहिलं. "नसेल घातलं गं," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

पुढच्या वेळी तर त्यांनी वादच घातला नाही. बाईंनी जेवताना विचारलं तेव्हा घास परत ताटात ठेवून ते म्हणाले, "घातलं असेल."

"शेवटी एकदा कबूल केलंत!" बाई हसून म्हणाल्या. त्यांना खरोखरच जिंकल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत एका तरी पाणी घालणाऱ्याने तोंडाने कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पिशवी भरली. "धाकट्याकडे राहून येतो काही दिवस. झाडालाही बरं."

'रुसले,' बाईंनी मनात म्हटलं. रुसू देत. धाकट्याच्या घरी बाल्कनीत चार कुंड्या आहेत, घाला म्हणावं त्यांना हवं तेवढं पाणी. भाऊ येऊन घेऊन गेला. रिकामी खुर्ची बाईंनी भिंतीला टेकवून ठेवली. दोन दिवस घरात शांतता होती, बातम्या समोरच्या बिल्डिंगला ऐकू गेल्या नाहीत, आणि बाईंना त्या शांततेचाही राग आला.

उन्हाळा पेटला होता. पालवीचे दिवस आले आणि कडुनिंब दोन फांद्यांवर जेमतेम लालसर फुटला. सेक्रेटरींनी झाड कापणाऱ्यांना वेळ देऊन टाकली. बाईंनी म्हटलं, निदान आता माती कोरडी झाली असेल, ती दाखवून थोडी मुदत मागू. त्यांनी नळी खुपसली आणि बाहेर काढली.

माती ओली होती. ओली कसली, निथळत होती.

बाई तशाच उकिडव्या बसून राहिल्या. कडक ऊन, पाइप माळ्यावर, आप्पा शहराच्या दुसऱ्या टोकाला. खात्यात नवीन लागलेल्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या की दोषी माणूस सापडला म्हणून कारण शोधणं थांबवू नका. ओल कुठून सुरू होते ते बघा, कुठे संपते ते बघा, चारी बाजूंनी माती काढा. आणि इथे त्यांनी एकाच जागी, खुर्चीच्या जवळच्या बाजूला, नळी खुपसली होती. कारण त्यांना जे सापडायला हवं होतं ते तिथे रोज बसलेलं दिसत होतं. स्वतःच्या मूर्खपणाची त्यांना इतकी चीड आली की नळी त्यांनी भिंतीवर फेकून मारली.

मग त्यांनी ती उचलून आणली आणि चारी बाजूंनी माती काढली. भिंतीच्या बाजूला कोरडी, रस्त्याच्या बाजूला दमट, आणि जिथे खुर्ची असायची तिथे चिखल. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिथे कुदळ घातली. खड्डा गुडघ्याएवढा झाला तोवर शहराचं पाणी सुटायची वेळ झाली. खड्ड्याच्या तळाशी माती थरथरली, एक बुडबुडा आला, आणि पाणी वर चढायला लागलं. ते चिखलाचं नव्हतं. स्वच्छ, थंड, औषधाचा वास असलेलं नळाचं पाणी होतं.

प्लंबर आला. त्याने पाणी उपसलं, आडवा होऊन हात घातला आणि सांगितलं, "टाकीकडे जाणारी मेन लाइन आहे. जोड गंजलाय. पाणी सुटलं की तेवढ्या वेळात गळतं, मग बंद. म्हणून कोणाला दिसलं नाही. आजचं दुखणं नाही बाई हे, दोन-तीन वर्षांचं तरी असेल." मग तो उठून बसला आणि हसायला लागला. "आप्पा इथेच बसायचे ना हो? ज्या माणसाने अख्ख्या शहराच्या गळत्या ऐकून काढल्या, त्याच्याच बुडाखाली?"

"गप्प बस," बाई म्हणाल्या. इतक्या जोरात की तो खरंच गप्प बसला.

सेक्रेटरी बनियनवर खाली आले होते. लाइन सोसायटीची, गळती सोसायटीची, म्हणजे झाड सोसायटीनेच बुडवलं होतं, आणि ठराव मात्र झाडाविरुद्ध झाला होता. त्यांनी घसा खाकरला, फोन काढला आणि झाड कापणाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. "आता वाचेल ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. निम्मी मुळं गेलीत. चर खणून त्यात वाळू आणि पालापाचोळा भरायचा, मेलेलं लाकूड काढायचं आणि वाट बघायची. पुढच्या पालवीला कळेल."

"तोवर काय करायचं?"

"काही नाही!" बाई ओरडल्या. "एक वर्ष कोणी काहीही करायचं नाही!"

हातपाय धुवून, पण साडीला चिखल तसाच ठेवून, बाई बसने भावाच्या घरी निघाल्या. वाटभर त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. आप्पांची माफी मागायची तर गळतीचं सांगावं लागणार. आणि गळतीचं सांगितलं की त्यांना कळणार की ती त्यांच्या पायाखाली वाहत होती आणि त्यांना ऐकू आली नाही. ज्या कानांवर त्यांची सगळी इज्जत उभी होती, ते कान गेले हे आजवर त्यांनी कोणापुढे मान्य केलं नव्हतं. न सांगावं, तर 'पाणी तुम्हीच घालत होतात' हा आरोप तसाच राहणार. एकदा वाटलं की सांगूच नये. झाड वाचतंय म्हणावं, चला घरी म्हणावं, विषय संपवावा. मग स्वतःचाच राग आला. भर आवारात ओली माती म्हाताऱ्या बापाच्या नाकासमोर धरताना ही नाजूक काळजी कुठे गेली होती?

दार भावजयीने उघडलं. "ताई! बरं झालं आलात. यांना रजा मिळाली नाही आणि आप्पांना डॉक्टरकडे न्यायचंय."

"कानाच्या?"

भावजयीने आवाज खाली आणला, ज्याची त्या घरात काही गरज नव्हती. "नाही हो. मेंदूच्या. त्यांनीच वेळ घ्यायला लावली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आप्पा आतल्या खोलीत पलंगाच्या काठावर बसले होते. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, मांडीवर जुनी फाइल. बाईंना पाहून ते जरा ओशाळले. "तू कशाला आलीस? मी जाऊन आलो असतो. आधी खात्री करू, मग तुला सांगू असं म्हटलं."

"कसली खात्री?" बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"विसरण्याची." आप्पा फाइलच्या कडेवरून अंगठा फिरवत बोलत होते. "मला पाणी घातलेलं आठवत नाही गं. अजिबात नाही. पण तू म्हणतेस ओल आहे, आणि हे तुझं काम आहे, तुझी चूक व्हायची नाही. मग म्हटलं, बघू या. आम्ही बंद केलेल्या व्हॉल्व्हला तार बांधून सील लावायचो, कोणी उघडला तर कळावं म्हणून. तसा आवारातल्या नळाला मी दोरा बांधला. दुपारी कोणी नसताना. सकाळी तू कामावर गेलीस की जाऊन बघायचो. दोरा तुटलेला असायचा. परत बांधला, परत तुटलेला. चार-पाच वेळा झालं. दुसरं कोण तो नळ उघडतं? बिल्डिंगमधलं कोणी नाही. मग मीच. म्हणजे मी उठून जातो, नळ उघडतो, आणि मला कळत नाही. उद्या गॅस उघडेन. तू घरात झोपलेली असशील."

संध्याकाळी कामावरून आलं की बाई त्याच नळावर चिखलाचे बूट धुवायच्या. नळाला काहीतरी पांढरा दोरा गुंतलेला असायचा. 'या कार्ट्यांना दुसरे उद्योग नाहीत,' असं पुटपुटत त्यांनी तो तोडून टाकला होता. दर वेळी, नळ उघडायच्या आधी, एका झटक्यात.

त्या आप्पांच्या पायाशी जमिनीवरच बसल्या. आणि मग क्रम वगैरे काही राहिला नाही, सगळं एकदम बाहेर आलं. "आप्पा, तुम्ही पाणी घातलं नाही. एक थेंब नाही. गळती होती. मेन लाइनची. पहाटे पाणी सुटलं की गळायची. तुमच्या खुर्चीखाली." शेवटचे शब्द त्यांना मोठ्याने म्हणवेनात, पण हळू बोलून उपयोग नव्हता. "अगदी खुर्चीखाली, आप्पा. दोन-तीन वर्षं."

आप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. "खुर्चीखाली," ते म्हणाले.

"हो."

बाईंनी मान खाली घातली. आता हे मोडणार, त्यांना वाटलं.

"कान गेलेत ते मला माहीत आहे," आप्पा म्हणाले. "सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. त्याचं काय एवढं? मला वाटलं होतं, डोकं गेलं." त्यांनी फाइल बाजूला ठेवली. "पण मग तो दोरा?"

"दोरा मी तोडला. बूट धुताना. मला वाटलं, पोरांनी बांधलाय."

आप्पांच्या तोंडावर आधी अविश्वास आला, मग रंग चढला, आणि ते उठून उभे राहिले.

"तू तोडलास? आणि विचारलंस नाहीस, कोणी बांधला म्हणून? तोंड शिवलं होतं तुझं? माती नाकासमोर धरायला येते, आणि नळावर दोरा का आहे ते विचारायला येत नाही? रात्र रात्र मी जागा राहिलोय की आपण उठून कुठे जातो ते बघावं म्हणून! नातवाला हात लावायला भीती वाटायची मला, धाकट्याला विचार! 'कबूल केलंत' म्हणून हसलीस तू त्या दिवशी जेवताना, हसलीस!"

भावजय स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी वर पाहिलं असणार. एके काळी अख्ख्या गल्लीला पाणी सुटल्याची वर्दी देणारा तो आवाज पुन्हा तसाच खणखणीत लागला होता, आणि आप्पा एकेक दिवस काढून, एकेक जेवण काढून, तिला झोडपत होते. बाई जमिनीवर बसून रडत ऐकत होत्या. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, एक दिवससुद्धा चुकीचा नव्हता. आप्पांना सगळं आठवत होतं.